मीटिंगमध्ये ‘श्वास घ्या’ सांगणारं घड्याळ

एका विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे आणि हाताखाली बरीच माणसं आहेत, एवढी ओळख पुरे. बर्नआउटच्या धास्तीने मी जे स्मार्टवॉच घेतलं, ते अंगातल्या ऊर्जेचा शून्य ते शंभर असा आकडा दाखवतं. ब्रँड सांगत नाही, कारण असा आकडा आता बऱ्याच घड्याळांत आणि अंगठ्यांत मिळतो आणि मूळ तंत्र एकच आहे.

मागच्या बाजूचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तप्रवाहातला चढउतार टिपतो आणि त्यावरून हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर काढलं जातं. हे अंतर मोकळेपणाने कमीजास्त होत असेल तर शरीर निवांत, फार एकसारखं असेल तर ताणात, असा ढोबळ हिशेब. या कमीजास्त होण्याला एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) म्हणतात. पट्टा सैल असला किंवा हात हलत असला की नोंद बिघडते, म्हणून रात्रीचे आकडे त्यातल्या त्यात भरवशाचे. ताण कशाचा आहे, हे मात्र घड्याळाला अजिबात कळत नाही. प्रेझेंटेशन रंगलं तरी आलेख लाल, कुणी अंगावर खेकसलं तरी लाल.

तरीही घड्याळ वसूल झालं, ते एका सवयीमुळे. शुक्रवारी संध्याकाळी मी आठवड्याचा आलेख आणि कॅलेंडर शेजारी शेजारी उघडून बसते. मला वाटायचं, बजेटची बैठक मला पिळून काढते. आलेख म्हणाला, तिथे ताण चढतो खरा, पण तासाभरात उतरतोही. उतरत नाही तो ‘मॅडम, दोन मिनिटं बोलायचं होतं’ म्हणून केबिनचं दार लोटलं जातं, त्यानंतरचा. दोघांचं आपसात पटत नाही, दोघंही माझ्याकडे येतात, दोघांचंही शांतपणे ऐकायचं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. कॅलेंडरवर हा वेळ ‘मोकळा’ म्हणून पडलेला असतो! समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्येच याला भावनिक श्रम म्हटलं होतं. पगाराच्या बदल्यात चेहरा आणि भावना सांभाळण्याचं काम. साहेब चिडले तर ‘कडक आहेत’, मॅडम चिडल्या तर ‘आज मूड नाही वाटतं’, हे जोवर चालू आहे तोवर या कामाचं ओझं बाईवर जास्तच राहणार.

दुसरी गोष्ट किरकोळ कामांची. बैठकीची मिनिट्स लिहिणं, नव्या माणसाला रुळवणं, निरोप समारंभाची वर्गणी, कुठल्या तरी समितीत ‘एक महिला हवी’ म्हणून बसणं. अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. बढतीला उपयोग नसलेलं काम कुणी तरी उचलायचं असेल, तर स्त्रीपुरुषांच्या मिश्र गटात स्त्रिया जास्त पुढे येतात. गटात नुसते पुरुष असले की मग पुरुषही हात वर करतात. म्हणजे जमतं त्यांनाही. मी मिनिट्सची पाळी लावून दिली, यादीत सगळ्यांची नावं. पहिल्या वेळी कुरकुर झाली, नंतर कुणी विषयही काढला नाही. समितीचं अजून सुटलेलं नाही.

आता तक्रारी. पाळीच्या आधीच्या दिवसांत नाडी जरा वाढते आणि एचआरव्ही खाली येतो, हे शरीराचं नेहमीचं चक्र आहे. माझं घड्याळ ते ताणाच्या खात्यात टाकतं आणि सकाळी उठल्या उठल्या ‘आज विश्रांती घ्या’ म्हणून सांगतं. रजोनिवृत्तीच्या आसपास रात्री घाम येऊन झोपमोड होते, तेव्हाही तेच. नेतृत्वाच्या पदावर पोचेपर्यंत बऱ्याचजणी याच वयात आलेल्या असतात, तरी याचा विचार करणारं कुणी त्या कंपनीत नसावं. आणि ती श्वासाची आठवण! संथ, मिनिटाला साधारण सहा श्वास घेतल्याने एचआरव्ही वाढतो हे खरं, पण पगारवाढीवरून वाद पेटलेला असताना मनगट थरथरलं आणि पडद्यावर उमलणारं फूल आलं, तेव्हा समोरच्याचं लक्ष त्या फुलाकडेच. सूचना बंद केल्या. सकाळचा झोपेचा गुणही लपवून ठेवला आहे. तो बघून दिवस कसा जाणार हे आधीच ठरवण्यात अर्थ नाही.

याहून मोठी उणीव अशी की बर्नआउट या यंत्रात मावतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची व्याख्या केली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. त्यात तीन गोष्टी आहेत: थकवा, कामाबद्दल येणारा दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून धड काही होत नाही ही भावना. घड्याळाला फार तर पहिलीचा वास लागेल. मध्यंतरी टीममधली एक मुलगी उत्साहाने नवी कल्पना मांडत होती आणि माझ्या मनात पहिला शब्द आला, ‘कशाला?’ त्या दिवशी घड्याळाचा आकडा झकास होता.

एक इशारा. कर्मचारी कल्याणाच्या नावाखाली ऑफिसने असं घड्याळ दिलं तर ते ऑफिसच्या खात्याला जोडू नका. आधीच ‘तिला झेपेल का’ हा प्रश्न आपल्या पाठीमागे विचारला जातो, त्यांच्या हातात आलेख कशाला द्यायचा?

पाचपैकी साडेतीन. बॅटरी टिकते, पट्टा रबरी असल्याने घामाने खाज सुटते, कापडी घ्या. आकडा सतत तळाशी राहात असेल, विश्रांती घेऊनही वर येत नसेल, तर आणखी एखादं ॲप शोधण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. रक्त कमी असल्याचा थकवा आणि कामाचा थकवा यातला फरक हे घड्याळ सांगू शकत नाही, आणि माहितीपत्रकात तसं कुठे लिहिलेलंही नाही.