घडी पडलेली हेडर आणि सिव्हचे नियम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मेल वेगवेगळ्या फोल्डरमध्ये लावणारी माझी जुनी स्क्रिप्ट आठ महिन्यांपूर्वी काढून टाकली आणि सगळे नियम सिव्हमध्ये, म्हणजे मेल गाळण्याचे नियम लिहायच्या छोट्या भाषेत, नव्याने लिहिले. सर्व्हरवर मेलपेट्या सांभाळणारं डोव्हकॉट आधीपासूनच होतं, त्याला सिव्ह चालवणारं पिजनहोल जोडावं लागलं. हा बदल करण्याचं कारण एकच होतं, लांब हेडर (पत्राच्या वरची विषय, पाठवणारा वगैरे माहिती).

स्क्रिप्ट हेडर ओळीओळीने वाचायची. पण एक हेडर म्हणजे एक ओळ, असं मेलमध्ये नसतं. आरएफसी ५३२२ या ईमेलच्या मानकानुसार ओळ ७८ अक्षरांत बसवावी आणि ९९८ च्या पुढे जाऊ नये. म्हणून लांब हेडर तोडलं जातं आणि पुढची ओळ स्पेसने किंवा टॅबने सुरू होते; हीच हेडरची घडी. स्पॅम ओळखणाऱ्या स्पॅमअसॅसिनच्या हेडरमधली चाचण्यांची यादी अशीच दोन-तीन ओळींत उतरते. मला हवं असलेलं चाचणीचं नाव दुसऱ्या ओळीत गेलं की नियम गप्प बसायचा, आणि मी उगाच स्पॅमचे गुण कमी-जास्त करत राहायचे.

देवनागरी विषयाचं तर याहून अवघड. आरएफसी २०४७ या मानकाप्रमाणे एन्कोड केलेला, म्हणजे साध्या रोमन अक्षरांत बदललेला, एक तुकडा ७५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. यूटीएफ-८ या अक्षर साठवण्याच्या पद्धतीत आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, काना-मात्राही वेगळ्या मोजायच्या. म्हणजे बेस६४ या एन्कोडिंगच्या एका तुकड्यात जेमतेम १५ चिन्हं मावतात. ‘परीक्षेच्या वेळापत्रकात बदल’ हा विषय घ्या. ‘वेळापत्रक’ हा शब्दच मधे तुटतो. दोन तुकड्यांमधली मोकळी जागा अर्थ लावताना गाळायची असते. माझी स्क्रिप्ट ती ठेवायची, त्यामुळे शब्द जुळायचाच नाही.

सिव्ह आधी हेडर सलग करतं, मग तुकडे उलगडतं आणि त्यानंतरच तुलना करतं. नियमात सरळ ‘वेळापत्रक’ लिहिलं की काम होतं. या आठ महिन्यांत ओळ तुटल्यामुळे चुकीच्या फोल्डरात गेलेलं एकही पत्र मला सापडलेलं नाही. नवा नियम लागू करण्याआधी साठवलेल्या जुन्या पत्रांवर सिव्ह-टेस्ट हे नियम आजमावायचं साधन चालवते. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी असं मनापासून वाटतं. सिव्हमध्ये लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करायची सोय) नाहीत, ते मुद्दामच ठेवलेले नाहीत, आणि मला त्यांची गरजही पडली नाही.

पोस्टफिक्स या मेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रामच्या हेडर-चेक्समध्ये, म्हणजे हेडर तपासायच्या नियमांत, मात्र जपून. तिथेही अनेक ओळींचं हेडर एकत्रच तपासलं जातं, पण ओळतोड आत तशीच राहते. पॅटर्नमध्ये दोन शब्दांच्या मधे साधी स्पेस दिली तर घडीच्या जागी तो जुळत नाही. तिथे कुठलीही मोकळी जागा, एक किंवा अधिक, असं लिहावं लागतं. शिवाय एन्कोड केलेला विषय तिथे उलगडला जात नाही. म्हणून मराठी विषयावरचे सगळे नियम मी सिव्हकडे दिलेत, पोस्टफिक्सकडे फक्त साध्या रोमन अक्षरांतल्या हेडरचे.