डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांना रुग्णाशी बोलायला शिकवायचं, तर अभिप्राय कुणाचा घ्यावा? खऱ्या रुग्णाचा की रुग्णाची भूमिका करणाऱ्याचा?

परळ, भायखळा, सायन, मुंबई सेंट्रल. यांपैकी कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत विद्यार्थ्यांची बॅच तुमच्याकडे आली की हा प्रश्न पडतोच. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला, त्यात वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारं ‘एटकॉम’ आलं. विद्यार्थ्याला रुग्णाशी नीट बोलता आलं पाहिजे हे कागदावर ठरलं. पण ते जमलं की नाही, हे सांगणार कोण?

शेजारी उभे असलेले सर किंवा मॅडम सांगतीलच. हिस्टरी, म्हणजे रुग्णाच्या आजाराची माहिती, पूर्ण झाली का, काही विचारायचं सुटलं का, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी पाहत नाही. पण सर उभे असले की विद्यार्थी सरांसाठी बोलतो. त्यामुळे खरी निवड उरते ती दोघांत.

रुग्णाची भूमिका करणारा प्रशिक्षित माणूस ही कल्पना हॉवर्ड बॅरोज यांची, १९६३ ची, लॉस एंजलिसमधली. पुढे १९७५ मध्ये रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीहून ‘ऑस्की’ ही टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष कौशल्यं तपासणारी परीक्षा मांडली आणि अशा रुग्णांना परीक्षेत पक्की जागा मिळाली. याचा मोठा गुण म्हणजे सगळ्या विद्यार्थ्यांपुढे तोच आजार, तेच गाऱ्हाणं, तेच रडणं ठेवता येतं. चूक झाली तर कुणाला इजा नाही. मधेच थांबून ती व्यक्ती सांगू शकते, “नवरा गेल्याचं मी सांगत होते, तेव्हा तुम्ही केस पेपरवर लिहीत होतात.” कॅन्सरचं निदान सांगणं, मृत्यूची बातमी देणं यांचा पहिला सराव इथेच व्हावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खऱ्या नातेवाइकांवर कुणी हात बसवू नये.

खर्च मात्र आहे. माणसं तयार करायची, वेळ काढायचा, खोली मिळवायची. मुंबईत एकांकिका करणारी मुलं भेटतात, पण अभिनय येणं वेगळं आणि अभिप्राय देता येणं वेगळं. दुसरं शिकवावं लागतं. शिवाय त्याला संहिता पाठ असते. पालघरहून पहिली गाडी पकडून आलेल्या, रांगेत तीन तास उभ्या राहिलेल्या बाईला डॉक्टरांच्या बोलण्यातलं काय कळलं आणि काय निसटलं, ते त्याला कुठून कळणार?

ते तिलाच विचारावं लागतं. पण फॉर्म देऊन विचारलंत तर हाती काही लागत नाही. पाचपैकी किती, असं विचारलं की सगळे पाच देतात. आमच्या एका बॅचचे सगळे फॉर्म पूर्ण गुणांचे आले होते. रुग्णाला कृतज्ञता असते, पुढच्या खेपेला याच दारात यायचं असतं, आणि मागे रांग ताटकळलेली असते. “चांगलेच बोलले डॉक्टर,” यापलीकडे तो काय म्हणणार?

मग मी प्रश्न बदलले. पहिला: “डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा.” दुसरा: “सांगायचं काही राहिलं का?” एका आजींनी विद्यार्थ्याचं तोंडभर कौतुक केलं आणि पुढे म्हणाल्या, “साखर उतरली की गोळी बंद करायची.” विद्यार्थ्याने सांगितलं होतं, “शुगर कंट्रोल झाली की डोस कमी करू.” तो पडद्याआड उभा राहून ऐकत होता. आजींची परवानगी घेतलेली होती. त्या दिवसापासून तो रुग्णाकडून सगळं परत म्हणवून घेतो.

दुसऱ्या प्रश्नाचं मोल १९८४ पासून माहीत आहे. बेकमन आणि फ्रँकेल यांनी अमेरिकेत मोजलं तेव्हा रुग्ण तक्रार सांगू लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मधे बोलत होते. फॉर्मवर हे कुणी लिहीत नाही. विचारलं तर मात्र पटकन येतं: “पोटाचं राहिलं बघा.”

म्हणून माझं मत सरळ आहे. परीक्षा घ्यायची असेल किंवा वाईट बातमी सांगायला शिकवायचं असेल, तर भूमिका करणारा रुग्ण घ्या. रोजच्या ओपीडीत, पैसे नसताना, खरा रुग्णच घ्या. विचारणारा विद्यार्थी नको, पांढरा कोट नको आणि रांग लावणाऱ्या मावशीही नकोत, कारण त्यांना लोक बिचकतात. समाजसेवा विभागातलं कुणी असेल तर उत्तम, मात्र रुग्णाची भाषा त्यांना यायला हवी. औषधं हातात पडल्यावर विचारा, नाव लिहू नका. आणि याचे गुण अजिबात धरू नका. दोन-तीन रुग्णांवरून कुणाचं मोजमाप होत नाही, आणि गुण धरले की मुलं हसतमुख रुग्णच शोधू लागतात.

रुग्णाने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, त्याच दिवशी, ओपीडी सुटण्याआधी विद्यार्थ्याच्या कानावर घाला. पुढच्या आठवड्यात त्याला ते आजींचं तोंडही आठवणार नाही.