तरंगतं वीजकेंद्र बांधायचं कशाने: साखळदंड की पॉलिएस्टर दोर?

स्कॉटलंडजवळच्या 'हायविंड'च्या पाच तरंगत्या पवनचक्क्या 2017 पासून साखळदंडांवर उभ्या आहेत. तिथे पाणी जेमतेम शंभर मीटर खोल. साखळी झोल देऊन सोडतात; लाटेने तरंगता तराफा सरकला की तळावर पडलेली साखळी उचलली जाते आणि तिचं वजनच त्याला मागे ओढतं. सोपं, दणकट.

पण समुद्रातल्या तापमान-फरकावर चालणाऱ्या केंद्राला हजारेक मीटर खोलीचं थंड पाणी लागतं. तिथे हेच वजन वैरी होतं. 100 मिलिमीटर जाडीची साखळी मीटरला सुमारे 200 किलो. 1400 मीटरची एकच साखळी 280 टनांची! ती तोलायची तराफ्यानेच.

पॉलिएस्टर पाण्यात जवळपास बिनवजनी. दोर 45 अंशांत ताणून बांधतात, म्हणून तळावर जागाही कमी अडते. मात्र ताण वरच्या दिशेनेही येतो आणि ओढून रुतवलेला साधा नांगर तिथे उपटून येऊ शकतो. मग आतलं पाणी शोषून काढून तळात बसवलेले पोलादी नळकांडी नांगर हवेत. शिवाय दोर हळूहळू लांबतो, पुन्हा ताणावा लागतो. वाळू शिरली तर आतले धागे झिजतात.

खोल पाण्यात माझं मत दोरालाच, पण दोन्ही टोकांना साखळीचे तुकडे लावूनच.