२५ लिटरचा ओटीजी, भाजलेला रावस आणि आंब्याचा साल्सा: मासे खाणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर) घ्यायचा म्हणून रिव्ह्यू वाचायला बसलं की सगळीकडे केक, कुकीज, पिझ्झा आणि फार तर पनीर टिक्का, माशांबद्दल कोणी धड लिहीतच नाही, म्हणून हा रिव्ह्यू खास मासे खाणाऱ्या घरांसाठी. आमचा २५ लिटरचा आहे, वर-खाली रॉड, २५० डिग्रीपर्यंत जातो, आत फॅन आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण ह्या साइजचे सगळे आतून जवळपास सारखेच असतात आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही ओटीजीला लागू होतं. ऑफिसमधून आल्यावर अर्ध्या तासात चार जणांसाठी माशांचं जेवण, तव्यापाशी उभं न राहता होतं का? होतं, आणि खूप छान होतं, फक्त मासा बरोबर निवडायला हवा.

आधी तव्याशी तुलना, कारण घरात पहिला प्रश्न हाच येतो. सुरमईच्या आठ तुकड्या रवा लावून तळायच्या म्हणजे दोन-तीन घाणे, प्रत्येक वेळी तेल, उलटायचं, धूर, पहिल्या तुकड्या गार होईपर्यंत शेवटच्या तव्यावरच, आणि तळणारं माणूस सगळ्यात शेवटी जेवायला बसतं. ओटीजीत आठच्या आठ तुकड्या एका ट्रेमध्ये मावतात, दोन चमचे तेल पुरतं आणि सगळे एकत्र गरम गरम जेवतात. माझ्यासाठी हा शेवटचा मुद्दाच सगळ्यात मोठा आहे. पण रव्याचा तो कुरकुरीतपणा ओटीजीत येत नाही म्हणजे नाही, बोंबील तर विसराच, त्यांना इतकं पाणी सुटतं की ट्रेमध्ये तळं होतं. ते तव्यावरच करा.

आता मासा कुठला. भाजण्यासाठी जाड, काटे कमी असलेला आणि अंगात थोडी चरबी असलेला मासा हवा. आमच्याकडे सगळ्यात जास्त रावस होतो. दुकानात इंडियन सामन म्हणून लेबल लावतात, तो काही खरा सामन नाही, पण भाजल्यावर त्याच्या मोठ्या मोठ्या पाकळ्या सुटतात आणि आतून ओला राहतो. जिताडा मिळाला तर त्याहून भारी, पेण-अलिबागकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. सुरमई चालते पण पटकन कोरडी पडते, तिला तेल थोडं सढळ लावा आणि दोन मिनिटं आधीच बाहेर काढा. बांगडा अख्खा, दोन्ही बाजूंनी चिरा देऊन, फार सुंदर होतो, त्याचं स्वतःचं तेलच त्याला पुरतं. फ्रोझन बासा स्वस्त आणि बिनकाट्याचा असतो म्हणून खूप जण घेतात, पण तो पूर्ण डीफ्रॉस्ट करून किचन टॉवेलने दाबून दाबून कोरडा केला नाही तर भाजण्याऐवजी उकडतो, आणि चवीला तर काय, मसाला लावाल तीच चव.

मी मासे माहीमच्या सिटीलाइट मार्केटमधून आणते. नेहमीच्या मावशींना म्हटलं, "मावशी, आज रावस भट्टीत भाजायचाय, कालवण नाही करायचं," तर त्यांनी कापायला घेतलेला शेपटीकडचा भाग बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मग मधला घे, शेपटी पातळ असते, सुकून जाईल, आणि एकसारख्या जाडीच्या करून देते तुला." ह्या एका वाक्यात सगळं आलं! एक तुकडी बोटभर जाड आणि दुसरी त्याच्या निम्मी असेल तर एक कच्ची राहणार नाहीतर दुसरी सुकणार, त्यात ओटीजीचा काही दोष नाही. साधारण इंचभर जाडीच्या करून घ्या. ऑनलाइन मागवताना हे सांगता येत नाही, पॅकमध्ये जे येईल ते घ्यावं लागतं, म्हणून ह्या रेसिपीसाठी तरी मी बाजारात जाऊनच मासा घेते.

कृती म्हणाल तर फार काही नाही. घरी आल्या आल्या ओटीजी २०० डिग्रीवर प्रीहीटला लावायचा, दहा मिनिटं. ही दहा मिनिटं धरूनच अर्ध्या तासाचा हिशोब आहे, गार ओटीजीत मासा ठेवू नका, हळूहळू तापत गेला की पाणी सुटतं. तेवढ्यात तुकड्या धुऊन अगदी कोरड्या करायच्या, मीठ, हळद, लाल तिखट, आलं-लसणाचं वाटण, तेल आणि चमचाभर कोकमाचं आगळ. लिंबू लावलं तर दहा-पंधरा मिनिटांच्या वर ठेवू नका, आंबटाने मासा बाहेरून पांढरा पडून आधीच शिजल्यासारखा होतो आणि मग भाजल्यावर भुसभुशीत लागतो. ट्रेवर बेकिंग पेपर अंथरायचा, अॅल्युमिनियम फॉइल नको कारण मीठ आणि आंबट दोन्ही त्याच्याशी रिअॅक्ट होतात. पेपरचे कोपरे मात्र दुमडून घ्या, रॉडला लागला तर पेटू शकतो. केळीचं पान मिळालं तर गॅसवर जरा शेकून मऊ करून घ्यायचं, त्यात गुंडाळलेला पापलेट पेपरवरच्या माशापेक्षा कितीतरी पट ओला राहतो आणि पानाचा वास लागतो तो वेगळाच.

मधल्या रॅकवर, दोन्ही रॉड चालू, इंचभर जाडीला १२ ते १४ मिनिटं. फॅन चालू असेल तर डायल २० डिग्रीने खाली आणा. दहाव्या मिनिटाला काट्याने जाड तुकडीच्या मधोमध टोचून बघायचं, मास दुधासारखं पांढरं होऊन पाकळ्या सुटायला लागल्या की झालं. ज्यांच्याकडे फूड थर्मामीटर आहे त्यांनी आत ६३ डिग्री बघा, त्याच्यापुढे प्रत्येक मिनिटाला मासा कोरडा होत जातो. शेवटची दोन मिनिटं फक्त वरचा रॉड, तेव्हा कडा खरपूस होतात, आणि ह्या दोन मिनिटांत किचन सोडून कुठेही जाऊ नका, लसूण बघता बघता काळा होतो.

आता ओटीजीबद्दलच्या तक्रारी. डायलवरचा आकडा आणि आतलं तापमान जुळत नाही, माझा २०० वर लावला की आत त्याच्या बराच वर जातो, मी आत ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर वेगळा घेतला आणि आता डायलपेक्षा त्याच्यावरच विश्वास ठेवते. तो स्वस्तात मिळतो, प्रत्येकाने घ्यावा. बाहेरची बॉडी आणि काच भयंकर तापते, लहान मुलं असतील तर ओटा नीट विचार करून निवडा आणि मागे-बाजूला मोकळी जागा सोडा. १५०० वॉटच्या आसपासचा असतो, त्यामुळे १६ अॅम्पियरच्या पॉवर पॉइंटलाच लावा, एक्स्टेन्शन बोर्डवर नको. वीज फार जात नाही, रॉड सतत चालू राहिले असं धरलं तरी अर्ध्या तासाला पाऊण युनिट. टायमरचा नॉब पाच-सात मिनिटांसाठी लावायचा असेल तर आधी जास्त फिरवून मग मागे आणावा लागतो, हे मॅन्युअलमध्ये असतं पण मॅन्युअल वाचतं कोण.

आणि वास! ज्यांच्याकडे त्याच ओटीजीत केक पण करायचे असतात त्यांची ही खरी अडचण आहे. माझा उपाय म्हणजे माशांचा ट्रे वेगळा, मासा काढल्यावर दार उघडं, ओटीजी गार झाला की खालचा क्रंब ट्रे लगेच धुवायचा (हिंवस वास बहुतेक तिथेच सांडलेल्या रसाचा असतो), मग वाटीत पाणी आणि लिंबाच्या साली घालून दहा मिनिटं तापवायचा. दुसऱ्या दिवशी त्यात केला तर केकला वास येत नाही. एअर फ्रायरवाल्यांसाठी सांगते, त्यात मासा होतो, लवकर होतो, पण बास्केटमध्ये एका वेळी दोन-तीन तुकड्याच धड मावतात, म्हणजे चार माणसांच्या घरात परत घाणे आलेच.

आता साल्सा, माझ्या मते ह्या जेवणाचा अर्धा जीव त्यातच आहे. मेक्सिकन लोक आंबा, अननस, पपई बारीक चिरून कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू घालून मासळीबरोबर खातात. माशाबरोबर फळ म्हटलं की आपल्याकडे काही जण नाक मुरडतात, पण आपण तरी काय करतो? कालवणात कोकम घालतो, कैरी घालतो, गोव्यात आंबाडे आणि बिंबलं घालतात, ही सगळी फळंच की! आंबट फळाशिवाय आपलं माशांचं कालवण पूर्ण होत नाही, इथे तेच फळ न शिजवता वरून येतं. आमच्या सासूबाई मालवणच्या, माशांच्या बाबतीत त्यांच्याकडून कौतुक येणं सोपं नाही, त्यांनी भाजलेला रावस साल्साबरोबर खाल्ला आणि दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाल्या, "कैरी जरा वाढव गं पुढच्या वेळी." तेव्हापासून आमच्याकडे साल्सात पिकलेला आंबा आणि कैरी दोन्ही असतं.

चार जणांना एक मोठा तोतापुरी पुरतो. हापूस मी घेत नाही, चवीला राजा असला तरी चिरल्यावर त्याचा लगदा होतो आणि साल्सात फोड दाताखाली यायला हवी. तोतापुरी किंवा पाडाला आलेला जरा कडक आंबा, नखाएवढ्या फोडी, पाव वाटी कैरी तशीच चिरलेली, अर्धा लहान कांदा एकदम बारीक (आधी दहा मिनिटं गार पाण्यात ठेवून पिळून घ्या, उग्रपणा जातो), एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर देठांसकट, अर्धं लिंबू, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. मीठ अगदी वाढताना, कोशिंबिरीचं असतं तसंच, आधी घातलं की पाणी सुटून सगळं पातळ होतं. मासा ओटीजीत असताना हे सगळं आरामात चिरून होतं, फूड प्रोसेसर लावू नका, चटणी होईल. गरम तुकडीवर गार साल्सा वाढायचा, तिखट-मीठ लावलेल्या खरपूस कडेबरोबर तो आंबट-गोड रस तोंडात आला ना की भाताची सुद्धा आठवण येत नाही, आम्ही तर बरोबर फक्त तांदळाची भाकरी करतो.

अननस किंवा कच्ची पपई वापरत असाल तर एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, ती माशावर घालून मुरत ठेवू नका, भाजायच्या आधी तर नाहीच. ह्या दोन्हीत मासातलं प्रोटीन मोडणारं एन्झाइम असतं, मटण मऊ करायला आपण पपई लावतो ती त्याच्यासाठीच, आणि मासा मुळात इतका नाजूक असतो की थोड्या वेळात त्याचा लगदा व्हायला लागतो. वाढल्यावर वरून घाला, काही होत नाही.

आंबा आणि ताजा समुद्री मासा दोन्ही एकाच वेळी भरपूर मिळण्याचे दिवस आपल्याकडे कमी असतात, एप्रिल आणि मे, कारण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि बाजारात बर्फातला मालच जास्त दिसतो. त्या दोन महिन्यांत मी तळ्यातला जिताडा मिळाला तर घेते आणि अननसाचा साल्सा करते, नाहीतर सरळ अंड्यांवर येते. नारळी पौर्णिमेनंतर बांगडे यायला लागले की पेरू निघेपर्यंत पपई आणि काकडी, आणि थंडीत पेरू-डाळिंब. पेरूच्या बिया काढून फक्त कडक गर घ्या, वरून डाळिंबाचे दाणे आणि थोडं जास्त लिंबू, बांगड्याच्या तेलकट चवीला ते आंब्यापेक्षाही जास्त चांगलं लागतं. बांगडा अख्खा ठेवणार असाल तर २२० डिग्री, १५ मिनिटं, आणि ओटीजी घेताना ट्रेची लांबी दुकानातच मोजून बघा, २० लिटरच्या खालच्यात चार मोठे बांगडे एका वेळी मावायची पंचाईत होते.