वीस हजारांचा चाकू आणि ठिबकच्या नळ्या

बेंचमेड या अमेरिकी कंपनीचा ‘बगआउट’ हा घडीचा चाकू अमेरिकेत साधारण १८० ते २०० डॉलरला मिळतो आणि आयात शुल्क, कर व वाहतूक धरून नागपुरात हातात पडेपर्यंत त्याचा हिशेब वीस हजार रुपयांच्या आसपास जातो. एवढ्या पैशांत इतवारीच्या लोहा ओळीतून घरच्या सगळ्या सुऱ्या, विळी, अडकित्ता आणि वर बऱ्यापैकी अवजारांची पेटी येईल. प्रश्न इतकाच, की रोज खिशात बाळगायच्या चाकूवर ही रक्कम खर्च केली, तर तिचा मोबदला कामात दिसतो का. माझे ठिबक सिंचनाच्या साहित्याचे दुकान आहे. दुकानात आणि काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागांत हा चाकू मी भरपूर वापरला आहे. माझे मत असे झाले आहे, की चाकू उत्तम आहे, पण त्याच्या किमतीतला मोठा भाग आपल्याकडच्या कामात कधी वसूल होत नाही.

आधी त्याचे गुण सांगतो. २०१७ साली बाजारात आलेल्या या चाकूचे वजन अवघे ५२ ग्रॅम आहे, पाते सव्वातीन इंचांच्या जवळपास आणि पाठीशी सुमारे २.३ मिलिमीटर जाड आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, की माणूस पातळ सुती पॅन्टवर येतो. त्या खिशात शंभर-सव्वाशे ग्रॅमचा चाकू असेल तर पॅन्ट एका बाजूने ओढली जाते आणि दोन दिवसांत तो चाकू टेबलाच्या खणात जातो. बगआउट खिशात आहे हे विसरायला होते, आणि जो चाकू विसरायला होतो तोच रोज बरोबर राहतो. हा हलकेपणा फुकट मिळालेला नाही. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या मुठीत पोलादी पट्ट्या पूर्ण लांबीच्या नसून अर्ध्याच आहेत, त्यामुळे मूठ घट्ट आवळली की ती किंचित लवते. कामाला त्याने बाध येत नाही. पण वीस हजारांची वस्तू हातात लवली की मनाला ते पटत नाही, हेही खरे.

पाते उघडे ठेवणारा खटका ही या कंपनीची खरी करामत. पात्याच्या मुळाशी एक आडवी पोलादी दांडी असते, तिला दोन्ही बाजूंनी स्प्रिंगा पुढे रेटतात आणि पाते उघडले की दांडी पात्याच्या आणि मुठीतल्या आधाराच्या मध्ये जाऊन बसते. मिटवताना दांडी मागे ओढायची. बोट पात्याच्या वाटेत येतच नाही आणि डावखुऱ्या माणसालाही तो तितकाच सोयीचा पडतो. १९९८ साली ही रचना प्रथम आली तेव्हा तिच्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ होता. आता पेटंटची मुदत संपली आहे आणि याच तत्त्वावरचे खटके तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या किमतीत चिनी कंपन्या बसवतात, तेही नीट. तेव्हा निव्वळ खटक्यासाठी हा चाकू घ्यायचे कारण उरलेले नाही.

उरले पोलाद. बगआउटच्या पात्याचे सीपीएम-एस३०व्ही हे पोलाद क्रुसिबल या अमेरिकी कंपनीने २००१ साली खास चाकूंसाठी आणले. वितळलेल्या पोलादावर वायूचा झोत मारून त्याची बारीक भुकटी करतात आणि ती उष्णता व दाब देऊन पुन्हा एकसंध करतात, त्यामुळे आतले कठीण कण लहान आणि सारखे पसरलेले राहतात. त्यात सुमारे १.४५ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. क्रोमियममुळे गंज रोखला जातो. व्हॅनेडियमचे कार्बाइड, म्हणजे कार्बनशी झालेले संयुग, इतके कठीण असते, की धार घासून झिजायला फार वेळ लागतो.

हा फायदा कागदावरचा नाही. बागेत उन्हाळ्यात खारी आणि उंदीर ठिबकच्या नळ्या कुरतडतात. मग कुरतडलेला तुकडा कापून काढायचा आणि दोन टोकांत जॉइनर बसवायचा, हे काम सुरूच असते. १६ मिलिमीटरची ती काळी नळी तशी मऊ प्लास्टिकची असते, तिने कोणत्याही चाकूची धार जात नाही. धार जाते ती नळीवर बसलेल्या माती-रेतीने. शेतात फरफटत गेलेली नळी पुसायला कोणाला वेळ असतो! अशा कामात साध्या पोलादाचा चाकू दुपारपर्यंत नळी कापण्याऐवजी घासू लागतो, तर एस३०व्ही संध्याकाळीही चावा घेते. दुकानात बंडलांच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि जाड पुठ्ठ्याचे खोके कापतानाही हा फरक हाताला कळतो.

पण याच कामात दुसरी एक गोष्ट दिसते आणि ती जाहिरातीत कोणी सांगत नाही. जॉइनर घट्ट बसायचा तर नळी काटकोनात कापली गेली पाहिजे; काप तिरका गेला की तिथून पाणी झिरपते आणि आठवड्याने पुन्हा तिथेच जावे लागते. जाड पाते नळीत शिरताना तिला आधी दाबते, नळी चपटी होते, पाते सरकते आणि काप तिरका जातो. पातळ पाते नळीला दबायला अवसरच देत नाही. बगआउटचे पाते महागड्या चाकूंत पातळच म्हणायचे, तरी फ्रेंच बनावटीच्या ओपिनेलच्या आठ नंबरच्या चाकूपुढे ते जाड आहे, आणि दोन हजारांच्या घरातला तो ओपिनेल नळी अधिक सरळ कापतो. धार किती दिवस टिकते हे पोलादावर ठरते. चाकू मुळात कसा कापतो हे मात्र पात्याच्या जाडीवर आणि उतारावर ठरते. ग्राहक पैसे पहिल्या गोष्टीसाठी देतो, आणि रोज त्याला गरज दुसरीची असते.

कलमे करणाऱ्यांकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. जंभेरीच्या, म्हणजे लिंबाच्या एका जातीच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कळी, भरण्याचे काम आमच्याकडे हिवाळ्यात चालते. खुंटाच्या सालीवर वीतभर उंचीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची, साल हलकेच उचलायची आणि त्यात डोळा सरकवायचा. चीर आतल्या लाकडात खोल गेली किंवा साल फाटली की डोळा धरत नाही. एका बागेत मी कौतुकाने बगआउट एका कलम करणाऱ्याच्या हाती दिला. त्याने तो उलटसुलट पाहिला, एका टाकाऊ फांदीवर चीर देऊन बघितली आणि “भाऊ, चाकू झकास आहे, पण पातं जाड पडते जी, साल फाकते,” असे म्हणून परत केला. त्याचा स्वतःचा चाकू एका बाजूनेच धार लावलेला, पातळ, काही शे रुपयांचा होता आणि दर थोड्या वेळाने तो बाजूच्या निसण्यावर दोन हात फिरवून घेत होता. त्याला धार टिकण्याची फारशी फिकीर नव्हती, कारण धार परत आणणे त्याला क्षणाचे काम होते.

आणि धार परत आणणे हीच महागड्या पोलादाची नागपुरातली अडचण आहे. व्हॅनेडियमचे कार्बाइड साध्या निसण्यातल्या अपघर्षक कणांपेक्षाही कठीण असल्याने साधा दगड या पात्यावर नुसता घसरल्यासारखा वाटतो. हिऱ्याच्या कणांची पट्टी घ्यावी लागते, तिचे पैसे वेगळे, आणि त्यानंतरही व्हिक्टोरिनॉक्सच्या साध्या स्विस चाकूला जितका वेळ लागतो त्याहून बराच जास्त वेळ बसावे लागते. बेंचमेड आपल्या चाकूंना आयुष्यभर मोफत धार लावून देते, पण चाकू पाठवायचा अमेरिकेत आणि टपालखर्च आपला; त्या सेवेचा नागपूरकराला उपयोग शून्य. गल्लीत सायकलचे चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याच्या हाती तर हा चाकू चुकूनही देऊ नये. त्याच्या कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातळ कड तापते, पात्याचे पाणी उतरते, आणि ज्या कठीणपणासाठी वीस हजार मोजले तो ठिणग्यांबरोबर उडून जातो. विळी-सुरीसाठी तो माणूस योग्यच आहे. तिथे तेवढी नजाकत लागत नाही.

खिशातल्या चाकूने फळे कापायची हौस असणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्याला चाकूच लागत नाही; मोसंबी, पेरू, लिंबू यांना लागतो. एस३०व्हीवर लिंबाच्या रसाचा डाग पडत नाही. ओपिनेलचा कार्बन पोलादाचा प्रकार मात्र लिंबूवर्गीय फळांच्या भागात घेऊ नये. तो एका मोसंबीत काळवंडतो. त्याचा स्टेनलेस प्रकार मिळतो, तो घ्यावा. त्याची मूठ बीच लाकडाची असल्यामुळे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फुगते आणि पाते उघडायला जड जाते, एवढे गृहीत धरावे.

माझ्या मते बहुतेकांची गरज व्हिक्टोरिनॉक्स भागवते. १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू पुरवणाऱ्या या कंपनीचे पोलाद मुद्दाम मध्यम कठीण, कठीणपणाच्या रॉकवेल मापाने ५५-५६ च्या आसपास ठेवलेले असते. धार लवकर बोथट होते, हे खरे. पण साध्या दगडावर ती पाच-सात मिनिटांत परत येते. शिवाय ‘क्लाइंबर’ या प्रकारात कात्री येते, आणि दुकानदाराला दिवसभरात पात्यापेक्षा कात्री जास्त लागते. त्याचे पाते खटक्याने अडकत नाही, निव्वळ पाठीवरच्या स्प्रिंगेच्या जोरावर उघडे राहते, त्यामुळे टोकाने भोसकण्याचे किंवा उचकटण्याचे काम त्याला सांगू नये. तसे काम बगआउटलाही सांगू नये. त्याचे टोक इतके बारीक आहे, की उचकटताना तेच आधी तुटायचे.

खोकीच कापायची असतील तर याहूनही स्वस्त उत्तर प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानात टांगलेले असते. बोथट झालेला तुकडा मोडून टाकायचा कटर जपानच्या योशिओ ओकादा यांनी १९५६ साली काढला आणि आज त्याच्या नकला पन्नास रुपयांच्या आत मिळतात. माझ्या दुकानातली मुले दिवसभर तोच वापरतात. एस३०व्हीची धार कितीही टिको, ती मोडून नवी करता येत नाही.

कायद्याकडेही पाहिले पाहिजे, कारण नागपुरात खिशातला चाकू ही केवळ हौसेची वस्तू मानली जात नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा समावेश होतो आणि घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. त्या मापात सव्वातीन इंच कुठेच बसत नाहीत. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणुका किंवा मोर्चांच्या काळात मनाई आदेश निघतात, आणि त्यात शस्त्रे, काठ्या यांच्याबरोबर चाकू बाळगण्यावरही बंदी घालता येते. अशा दिवशी रस्त्यावरच्या तपासणीत लाल मुठीचा, कात्री आणि बाटली उघडणी असलेला चाकू काय आणि एका हाताच्या झटक्याने उघडणारा, खटक्याचा चाकू काय, दोन्ही नियमाने सारखेच. पण समोरच्या हवालदाराला ते सारखे दिसतील असे मानू नये. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर तर चाकू हातातल्या बॅगेत चालतच नाही. खिशात विसरला आणि चेक-इनची बॅग पुढे गेली असेल, तर तो तिथेच सोडावा लागतो. दोन हजारांचा सोडताना माणूस हळहळतो, वीस हजारांचा सोडताना विमान चुकवायचा विचार करतो.

मग हा चाकू घ्यावा कोणी? ज्याचे काम उघड्यावर, मातीत, दिवसभर कापण्याचे आहे, ज्याला मधे थांबून धार लावायला सवड नाही, घरी हिऱ्याची पट्टी आहे आणि ती वापरण्याची आवडही आहे, त्याने जरूर घ्यावा. मला स्वतःला बागेच्या फेरीला तो बरा वाटतो. ज्याला यंत्राची नेटकी बनावट पाहून आनंद होतो त्यानेही घ्यावा, हौसेला मोल नसते. फक्त घरी विचारले तर ‘उपयोगाचा आहे’ असे सांगू नये. कार्यालयात बसणाऱ्याने, खोके आणि सुतळी कापणाऱ्या दुकानदाराने किंवा सहलीला फळे चिरणाऱ्याने क्लाइंबर किंवा स्टेनलेस ओपिनेल घ्यावा. एका बाजूने भरड आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा निसणा चार-पाचशे रुपयांत मिळतो, तो त्याच दिवशी घ्यावा. दगड निदान पात्याच्या दुप्पट लांबीचा असावा, नाहीतर पाते मध्येच दगडावरून उतरते आणि धार टोकाशी गोल होत जाते.