जुना अल्टरनेटर ओव्हरहॉल करून घेतला: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

जुन्या डिझेल गाडीचा अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारा, बॅटरी चार्ज करणारा भाग) गेला की नवा बसवावा की जुनाच उघडून दुरुस्त करून घ्यावा? माझं मत आधीच सांगतो. मूळ बॉडी आणि वाइंडिंग (आतली तांब्याच्या तारेची वेटोळी) शाबूत असेल तर दुरुस्तच करून घ्या. आम्ही तसं केलं, त्यावर रत्नागिरीचा अख्खा पावसाळा निघाला, आंबा घाटातून कोल्हापूरच्या फेऱ्या झाल्या, आणि गाडी अजून एकदाही चार्जिंगसाठी अडलेली नाही.

सुरुवातीची लक्षणं ओळखीची होती. गाडी उभी असताना हेडलाइट पिवळे पडायचे, रेस दिली की उजळायचे. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा इंजिन चालू झाल्यावरही पूर्ण विझत नव्हता, अंधारात बघितलं तर मंद लाल दिसायचा. पहिल्या गॅरेजात उत्तर मिळालं, ‘बॅटरी गेली’. बॅटरी बदलणं सोपं असतं, म्हणून हे उत्तर सगळीकडे आधी येतं. पण दिवा असा अर्धवट पेटत असेल तर संशय डायोडवर घ्यायचा, म्हणजे अल्टरनेटरची एसी वीज बॅटरीसाठी डीसी करणाऱ्या भागांवर. साधा मल्टिमीटर घरात ठेवा, त्यातच निम्मा निकाल लागतो. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर 13.8 ते 14.4 यायला हवेत. आमच्याकडे दिवे, वायपर आणि ब्लोअर एकदम लावले की आकडा 13च्याही खाली यायचा. मग मीटर एसी व्होल्टेज मोजायच्या खुणेवर टाकून बॅटरीच्याच दोन टोकांना लावला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर डायोड प्लेटचं काम निघालं समजा. आमचं निघालं.

कोल्हापूरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे अल्टरनेटर उघडला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो आणि त्याला इंजिनचं ऑइल जातं. त्याचं सील कडक झालं की ऑइल आत झिरपतं. आमच्यात कार्बनची (फिरत्या रिंगांवर घासून वीज पोचवणारे ब्रश) धूळ आणि ऑइल मिळून काळा चिखल झाला होता, बोटाला चिकटत होता. एक कार्बन त्या चिखलात अडकून वर येतच नव्हता. कार्बन जिच्यावर घासतो त्या स्लिप रिंगवर नखाला लागेल एवढी खाच पडलेली. मागची बेअरिंग हातात फिरवली तर खरखर नुसती. मिस्त्रींनी स्टेटर, म्हणजे न फिरणारं वाइंडिंग, उन्हात धरला. तारेवरचं वॉर्निश मधासारखं पिवळसर होतं, कुठेच करपलेलं नव्हतं. रोटरच्या (आतला फिरणारा भाग) दोन रिंगांमध्ये मीटरने तीन-चार ओहम दाखवले, बॉडीला शॉर्ट नाही. “ही बॉडी टाकू नका दादा, आतला माल बदलू,” एवढंच ते म्हणाले.

दोन्ही बेअरिंगा, कार्बन, व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर (जुने लोक अजून कटआउटच म्हणतात), डायोड प्लेट आणि पंपाचं सील बदललं. रिंगा लेथवर हलक्या साफ केल्या. सील बदलायला बरेच जण टाळाटाळ करतात, पण ते राहिलं तर नवे कार्बन पुन्हा त्याच चिखलात जाणार. शिवाय तो पंप ब्रेकचा आहे, त्यात काटकसर नको. खर्च नव्या चांगल्या अल्टरनेटरच्या तिसऱ्या भागात बसला. दुकानात बिननावाचा नवाही स्वस्तात मिळत होता, पण हातात घेतला तेव्हाच हलका लागला. तांबं कमी असणार, म्हणून मन झालं नाही.

अल्टरनेटर बसवल्यावरही बॅटरीवर 13.7च येत होते. अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलवर मात्र 14.3. म्हणजे अर्ध्या व्होल्टहून जास्त मधल्या वायरीतच खर्च होत होता. थिंबलचं (वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची कडी) कव्हर मागे सारलं तर आत हिरवा थर! आमच्याकडच्या खाऱ्या हवेत तांब्याचं हेच होतं. वायर जाड टाकली, थिंबल नीट दाबून घेतलं, इंजिनची अर्थिंगची पट्टी खरवडून साफ केली आणि फरक 0.2वर आला. समुद्राकाठी गाडी वापरणाऱ्यांनी अल्टरनेटरला हात लावण्याआधी वायरीचं थिंबल आणि अर्थिंगची पट्टी ही दोन ठिकाणं बघावीत, असं मी अगदी कळकळीने सांगेन.

आता सगळे दिवे आणि ब्लोअर लावून गाडी उभी असली तरी 13.6 मिळतात, रस्त्यावर 14.2. घाटात धुक्यात हळूहळू चढताना हा फरक कळतो, प्रकाश डगमगत नाही. तक्रार एकच: पावसात सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर पट्टा किंचाळायचा. ताण तपासला, अंगठ्याने दाबल्यावर साधारण सेंटिमीटरभर दबायला हवा, तो जास्त ढिला होता. घट्ट केल्यावर आवाज गेला. फार आवळू नका, पुढची बेअरिंग लवकर जाते.

आणखी एक. चार्जिंग बघायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढणारे मिस्त्री अजून भेटतात. ती डायनामोच्या (अल्टरनेटरच्या आधीचा जनरेटर) काळातली सवय. अल्टरनेटरच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि चांगले डायोड, रेग्युलेटर जळतात. कुणी हात घातला तर थांबवा. इंजिन धुवून घेतानाही प्रेशरचं पाणी अल्टरनेटरवर मारू देऊ नका.

स्टेटर करपला असेल किंवा बेअरिंगची जागा बॉडीतच झिजली असेल, तर मात्र नवाच घ्या. आणि गाडी अलीकडची, ईसीयूवर (गाडीचा संगणक) चालणाऱ्या अल्टरनेटरची असेल तर वरचे आकडे तिला लावू नका. तिथे बॅटरी भरलेली असली की व्होल्टेज मुद्दाम खाली आणलं जातं, चालू गाडीत साडेबारा-तेरा दिसणं बिघाड नसतो. अशा गाडीला स्कॅनर लावणाराच माणूस गाठा.