लेंड की बॉरो? उसनं देताना कोणता शब्द, घेताना कोणता

मराठीत ‘उसनं’ दोन्ही बाजूंना चालतं. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणतो, तिला चार लिंबं उसनी देतो. दिशा दाखवायला ‘आणणं’ आणि ‘देणं’ असतातच. इंग्रजीत ती दिशा शब्दाच्या पोटातच असते: ज्याच्या हातून वस्तू जाते तो लेंड करतो, ज्याच्या हाती येते तो बॉरो. म्हणून आधी वाक्याचा कर्ता कोण ते पाहा.

घोळ होतो तो मागताना. मनात असतं ‘जरा पेन देतोस का?’ आणि तोंडून निघतं ‘कॅन यू बॉरो मी युवर पेन?’ शिकवणीत हे वाक्य मी इतक्यांदा दुरुस्त केलंय! इथे कर्ता ‘यू’, म्हणजे पेन देणारा. तेव्हा ‘कॅन यू लेंड मी युवर पेन?’ कर्ता ‘आय’ केला, की ‘कॅन आय बॉरो युवर पेन?’ दोन्ही बरोबर. तरी अनोळखी माणसाकडे मागायचं असेल तर मी यांतलं दुसरं वाक्य सुचवते, कारण त्यात आपण समोरच्याला काम सांगत नाही, परवानगी मागतो.

वस्तू आधी आणि माणूस नंतर आला, की लेंडपुढे ‘टू’ येतो, बॉरोपुढे ‘फ्रॉम’. आपले ‘ला’ आणि ‘कडून’. बॉरोचा भूतकाळ बॉरोड, पण लेंडचा लेंट. ‘लेंडेड’ असा शब्दच नाही.

गृहकर्जाच्या करारात हा फरक नीट ठाऊक हवा. तिथे लेंडर म्हणजे बँक आणि बॉरोअर म्हणजे आपण. हप्ता चुकला तर काय, ही कलमं बॉरोअरच्या नावाने असतात, ती सहीआधी वाचावीत. रेपो दराच्या बातमीत मात्र बँकाच बॉरोअर होतात, कारण तिथे लेंड करणारी रिझर्व्ह बँक असते. ‘लोन’ हे एरवी नाम. अमेरिकेत ते ‘लेंड’च्या जागी क्रियापद म्हणूनही सर्रास चालतं. परीक्षेच्या पेपरात मात्र लेंडच लिहा.

वाण्याकडची उधारी या दोन्हींत बसत नाही, ती ‘ऑन क्रेडिट’. भाड्याने आणलेली सायकलही बॉरो नव्हे, हायर किंवा रेंट. जागची न हलणारी वस्तू, समजा कुणाकडचं बाथरूम, वापरायची असेल तर ‘कॅन आय यूज’ म्हणावं. वाटीभर साखर संपून जाते, तीच परत देता येत नाही, तरी तिला इंग्रजीत बॉरोच म्हणतात.